डिझेलची पावती आणि काचेची बरणी

गेल्या श्रावणात आमचे मोठे बंधू सहकुटुंब कुंभोज-बाहुबलीच्या दर्शनास गेले होते. परतताना कराडच्या अलीकडे त्यांनी एका पंपावर 38 लिटर डिझेल भरले. पावसाची झड सुरू होती. शेजारीच टँकर रिकामा होत होता, परंतु घरी पोहोचण्याच्या घाईत त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. सातारा ओलांडल्यावर गाडी आचके देऊ लागली आणि समोरच्या फलकावर एक पिवळा दिवा लागला. थेंबाच्या आकाराचे ते चिन्ह फिल्टरमध्ये पाणी साचल्याचे सांगत असते, हे त्या गाडीतील पाचांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. खंबाटकीचा बोगदा कसाबसा पार झाला आणि गाडी बंद पडली. बंधूंनी सहा-सात वेळा किल्ली फिरवून पाहिली. पुढे दुरुस्तीचे अंदाजपत्रक हाती आले तेव्हा त्या सहा-सात वेळांचे मोल कळले.

सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात त्या रात्री गाडी आली नाही, ती ओढून नेणाऱ्या वाहनाची पावती तेवढी आली. चौथ्या दिवशी सेवा केंद्राने कळविले की इंधन दूषित असल्यामुळे उच्चदाबाचा पंप, चारही इंजेक्टर, नळ्या व फिल्टर बदलावे लागतील आणि टाकी धुवावी लागेल. खर्च साडेतीन लाखांच्या घरात जाणार होता. इंधनामुळे झालेली हानी हमीत बसत नाही, हेही त्यांनी सांगितले. विमा प्रतिनिधीने यांत्रिक बिघाडाचे कलम दाखविले. पंपचालक दूरध्वनीवर म्हणाले, "त्या दिवशी शेकडो गाड्यांनी डिझेल भरले. तुमचीच कशी बंद पडली?" तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी सुसंगत होते आणि भुर्दंड मात्र चौथ्याच्या माथी होता.

हानी एवढी मोठी का होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आजच्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट असतो. तो निर्माण करणाऱ्या पंपाला वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. आतील भागांमधील फट माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढी असते. तेथे तेलाऐवजी पाणी शिरले की पोलाद पोलादावर घासते आणि त्याचा बारीक कीस सुटतो. तो कीस इंजेक्टरपर्यंत जातो आणि परतीच्या नळीतून टाकीत येऊन पुन्हा फिरू लागतो. म्हणूनच एक भाग बदलून भागत नाही, आणि म्हणूनच बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे हा सर्वांत महागडा प्रयोग ठरतो. 1 एप्रिल 2020 पासून देशभर विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखात दहा भागांपर्यंत खाली आले. हवेच्या दृष्टीने हे उत्तमच झाले, परंतु गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची मूळची स्निग्धता कमी होते आणि ती वेगळी द्रव्ये मिसळून भरून काढावी लागते. जुन्या धाटणीची इंजिने जे निमूटपणे पचवीत, ते नव्यांना पचत नाही.

दूषित डिझेल म्हटले की आपल्या मनात प्रथम भेसळ येते, आणि ते अकारण नाही. 25 जानेवारी 2011 रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाच्या काळ्या धंद्याचा अड्डा नजरेस पडल्यावर थांबलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. स्वस्त रॉकेल महाग डिझेलमध्ये मिसळण्यातील नफा एका अधिकाऱ्याच्या प्राणापेक्षा मोठा वाटावा, अशी ती अवस्था होती. आपल्या घरांतून अणुव्रतांची नावे लहानपणीच कानांवर पडतात. अचौर्याच्या अतिचारांत खोट्या मापांच्या शेजारीच 'प्रतिरूपकव्यवहार' सांगितला आहे. उत्तम वस्तूत हीन वस्तू मिसळून ती उत्तम म्हणून विकणे, असा त्याचा अर्थ. व्यापाऱ्याच्या हातून चोरी कोठे होते, हे ती यादी करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

तथापि प्रत्येक दूषित थेंबामागे पापबुद्धी असतेच असे नाही. पावसाळ्यात जमिनीखालील टाकीत पाणी झिरपते, झाकणातून शिरते, दमट हवेतूनही साचते. 26 जून 2025 च्या रात्री मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यासाठी निघालेल्या 19 गाड्या एकाच पंपावर डिझेल भरून थोड्याच अंतरावर एकापाठोपाठ एक बंद पडल्या. टाक्या उघडल्या तेव्हा डिझेलबरोबर पाणी निघाले आणि पंपाला टाळे लागले. तेथे 19 गाड्या एकमेकींच्या साक्षीदार होत्या. सामान्य माणसाची गाडी एकटीच असते.

आमच्या प्रकरणातील खरी चूक येथेच झाली. सेवा केंद्राने टाकीतील डिझेल उपसून टाकाऊ तेलाच्या पिंपात ओतले आणि फिल्टर भंगारात टाकला. आम्ही विचारणा केली तेव्हा पाचवा दिवस उजाडला होता. बंधूंनी 30 वर्षे लक्ष्मी रोडवर दुकान चालविले. माल परत आला तर चलन, नमुना आणि तारीख यांवाचून ते कोणाशी बोलत नाहीत. परंतु स्वतः गिऱ्हाईक झाल्यावर हा शिरस्ता ते विसरले. पावती तेवढी वहिनींच्या पर्समध्ये राहिली होती.

काय करावयास हवे होते, ते जाणकारांकडून मागाहून कळले. गाडी बंद पडताच किल्ली पुन्हा फिरवू नये. सेवा केंद्राला लेखी कळवावे की आमच्यासमक्ष नमुना घेतल्याखेरीज टाकी रिकामी करू नये. फिल्टरच्या तळातील व टाकीतील डिझेल स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरण्यांत घ्यावे, त्यावर तारीख, वेळ व साक्षीदारांच्या सह्या घालून तोंड मोहोरबंद करावे. पाणी असेल तर तासाभरात तळाशी वेगळा थर दिसतो. त्याच दिवशी पंपावरील तक्रारवहीत नोंद करून तेल कंपनीला आणि तहसीलदार अथवा जिल्हा पुरवठा अधिकारी यांना कळवावे. कारण आपल्या बरणीला पुरावा म्हणून मर्यादित वजन असते. केंद्र सरकारच्या 2005 च्या आदेशान्वये अधिकाऱ्याने पंपावर घेतलेल्या मोहोरबंद नमुन्यांपैकी एक पंपचालकाकडे, एक अधिकाऱ्याकडे अथवा कंपनीकडे राहतो आणि एक प्रयोगशाळेत जातो. खरी मदार त्यांवर असते. नवा टँकर आला की टाकीतील पुरावा पातळ होऊ लागतो, म्हणून हे त्याच दिवशी.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो तेथेच तक्रार करता येते. कराडचे डिझेल असले तरी दाद पुण्यात मागता येते. मुदत दोन वर्षांची असते, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यातच उभी केली. तरी 'एवढ्यासाठी कोण हेलपाटे घालणार' असे म्हणणारेही आपणच.

बंधूंनी दावा केला नाही, आणि त्याचे कारण हेलपाटे हे नव्हते. पंपचालक वहिनींच्या माहेरच्या नात्यातले निघाले. एका काकांनी 'आपल्यातलाच माणूस आहे, सोडून द्या' म्हणून सांगितले. धाकटा पुतण्या मात्र पंपाच्या नावानिशी मजकूर समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यास निघाला होता. मला दोन्ही मार्ग सारखेच अयोग्य वाटले. नात्यासाठी गप्प बसणे म्हणजे पुढच्या गाडीवाल्याशी प्रतारणा, आणि पुराव्यावाचून नाव उघड करणे म्हणजे एका व्यापाऱ्याची पत जाळणे. बंधूंनी अखेर साधे पत्र लिहिले. त्यात आरोप नव्हता. तारीख, वेळ, पावती क्रमांक, घडलेला प्रकार आणि 'आपण आपली टाकी तपासावी' ही विनंती, एवढेच होते. प्रत तेल कंपनीला गेली.

दहा दिवसांनी ते गृहस्थ स्वतः पुण्यात आले. पेरूगेटापाशी गाडी लावण्यास जागा न मिळाल्याने घामाघूम होऊन जिना चढले. घनतेच्या नोंदवहीच्या छायाप्रती त्यांनी सोबत आणल्या होत्या. टँकरच्या चलनावरील घनता आणि पंपावरील घनता यांत घनमीटरमागे तीन किलोपेक्षा अधिक फरक चालत नाही, आणि त्यांच्या नोंदी या मर्यादेत होत्या. परंतु घनता रॉकेलची भेसळ पकडते, तळाशी बसलेले पाणी पकडत नाही. त्यासाठी मोजपट्टीला रंग बदलणारी लेई लावून ती तळापर्यंत बुडवावी लागते. ती त्या दिवशी टँकर रिकामा होण्यापूर्वी लावली होती, नंतर नाही, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. मग त्यांनी शांतपणे विचारले, "गाडीचा फिल्टर शेवटचा केव्हा बदलला होता?" बंधूंनी सेवापुस्तिका काढली. कंपनीने नेमून दिलेल्या अंतरापेक्षा गाडी बारा हजार किलोमीटर अधिक धावली होती.

कोणाची चूक किती, हे आता कधीच कळणार नाही. बंधूंनी दुरुस्तीचे पैसे भरले. त्या गृहस्थांनी टाकी साफ करवून घेतली आणि त्या देयकाची प्रत न मागता पाठविली. तेल कंपनीकडून तक्रार क्रमांक आला, त्यापुढे काही आले नाही.

आता आमच्या घरी टँकर रिकामा होत असेल त्या पंपावर डिझेल भरले जात नाही आणि पावती गाडीच्या कप्प्यातील वहीत चिकटविली जाते. डिकीत जॅकशेजारी काचेच्या दोन बरण्या असतात. प्रथम वहिनींनी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या दिल्या होत्या. तीनदा धुऊनही त्यांना मोहरीच्या तेलाचा वास येत होता, म्हणून बंधूंनी त्या परत केल्या आणि बोहरी आळीतून नव्या आणल्या.