नशेचा व्यापार आणि कुणब्याचें शेत

धर्मापुरी हें गांव केदारेश्वराच्या देवळामुळें व जुन्या किल्ल्यामुळें दूरवर ठाऊक आहे. पण ज्या गोष्टीविषयीं आम्ही आज लिहीत आहों ती देवळाची नव्हे, शिवाराची आहे. २०१२ सालीं याच परळीच्या टापूंत शेतांमध्यें अफूचें पीक सांपडलें व शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. पुढें तेरा वर्षांनीं, म्हणजे २०२५ च्या एप्रिलांत, शेजारच्या लातूर जिल्ह्यांत चाकूर तालुक्यांतील रोहिणा गांवीं केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्यानें छापा घातला आणि मेफेड्रोन नांवाची विषारी पूड बनविण्याचा कारखाना पकडला. तेथें अकरा किलोंहून अधिक माल मिळाला. त्याची किंमत सुमारें सतरा कोटी रुपये सांगण्यांत आली, आणि पकडलेल्यांत पोलीस खात्याचाच एक नोकर होता. त्याच सालच्या फेब्रुवारींत तुळजापुरासारख्या क्षेत्राच्या ठिकाणीं हीच पूड विकली जात असल्याचें प्रकरण उघडकीस आलें. न्यायालयांचा निकाल व्हायचा तो होईल. परंतु 'हें मुंबई-पुण्याचें दुखणें आहे, आपल्या खेड्याचा त्याशीं काय संबंध?' असें म्हणण्याची सोय आतां राहिली नाहीं.

ही नवी नशा जुन्या नशेपेक्षां अधिक घातक कां, हें आमच्या वाचकांनीं नीट समजून घ्यावें. अफूला शेत लागतें, गांजाला झाड लागतें. तें उभें राहिलें कीं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरतें. मेफेड्रोन, ज्याला बाजारांत 'एमडी' म्हणतात, त्याला ना पाऊस लागतो ना जमीन. रसायनांचे चार पिंप, एक पत्र्याचें शेड आणि रसायनाचें थोडें ज्ञान असलेला एक माणूस एवढ्यावर काम भागतें. म्हणून शहरांतील पोलिसांचा डोळा चुकवूं पाहणारा व्यापारी आडरानांतला आखाडा शोधतो. मालकाला भाड्याचे चार पैसे जास्त देतो व 'औषधाचा कारखाना आहे' असें सांगतो. दुष्काळानें गांजलेल्या मनुष्यास तें भाडें देवानें धाडल्यासारखें वाटतें.

येथेंच कुणब्यानें सावध झालें पाहिजे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणें, आपल्या जागेंत असा धंदा चालत आहे हें ठाऊक असून जो चालूं देतो, त्यास धंदा करणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. मेफेड्रोन पन्नास ग्रॅमहून अधिक सांपडलें तर ती शिक्षा दहा वर्षांपासून वीस वर्षांपर्यंतची आहे. अफूची किंवा गांजाची चोरटी लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. खसखस वाण्याच्या दुकानीं उघड मिळते, म्हणून तिचें बीं पेरण्यास हरकत नसावी, असा समज कोणी करून घेऊं नये. तें बीं अफूच्याच बोंडांतलें आहे, आणि तें पीक घेण्याचा परवाना केंद्र सरकार मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश यांतील ठराविक शेतकऱ्यांसच देतें. आपल्या जमिनींत असें पीक उभें असल्याचें कळूनही जो खातेदार वर्दी देत नाहीं, तो कलम ४६ प्रमाणें गुन्हेगार ठरतो. कलम ४७ नें तेंच ओझें सरपंच, पंच व गांवकामगार यांच्या शिरावर ठेवलें आहे.

कायदा एवढा कडक आहे, पण तो शेतकऱ्याला सांगितला कोणी? पीक उभें राहीपर्यंत कोणी फिरकत नाहीं. बोंडें आलीं म्हणजे पंचनामा होतो. बीं आणून देणारा व माल उचलण्याचा वायदा करणारा दूर राहतो, आणि सातबाऱ्यावर ज्याचें नांव तोच बेडींत सांपडतो. अज्ञानाची शिक्षा गरिबानें भोगावयाची व ज्ञानाचा नफा दुसऱ्यानें खावयाचा, हा प्रकार आपल्या समाजास नवा नाहीं.

आतां सरकारची बाजू पाहूं. या कामीं खातीं थोडीं नाहींत. केंद्राचें अंमली पदार्थ नियंत्रण खातें १९८६ पासून आहे. महसूल गुप्तचर व सीमाशुल्क हीं अर्थखात्याखालीं, पोलीस राज्याच्या गृहखात्याखालीं, दारूबंदीचें खातें निराळें, औषधांचें निराळें आणि व्यसन सोडविण्याचें काम सामाजिक न्याय खात्याकडे. एकास कळलेलें दुसऱ्यास कळत नाहीं, आणि त्या फटींतून चोर पळतो. ही फट बुजविण्यासाठीं केंद्रानें २०१६ सालीं समन्वयाची यंत्रणा काढली व २०१९ सालीं तिच्या चार पायऱ्या केल्या. त्यांतली शेवटची पायरी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. महाराष्ट्रानें २०२३ सालीं स्वतंत्र अंमली पदार्थविरोधी दल काढलें व २०२५ सालीं त्यासाठीं ३४६ पदें मंजूर केलीं. त्याच सालीं संघटित गुन्हेगारीच्या कायद्यांतही हा व्यापार आणला. खातीं मिळून चाललीं म्हणजे काम होतें, याचा दाखला मराठवाड्यांतच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरांत महसूल गुप्तचर खातें व अहमदाबादचे पोलीस यांनीं मिळून छत्रपती संभाजीनगर व पैठण येथें छापे घातले, तेव्हां कोकेन, मेफेड्रोन व केटामाइन यांचा मोठा सांठा हातीं लागला.

हें सर्व चांगलें आहे, व त्याबद्दल आम्ही सरकारास दोष देत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं पायऱ्या चार केल्या, पण पांचवी राहिली. ती गांवची चावडी. जिल्ह्याच्या कचेरींत बैठक झाली, आणि धर्मापुरीच्या ग्रामसभेस तिचा एक शब्दही कळला नाहीं, तर तो समन्वय साहेबांचा साहेबांशीं झाला. रयतेशीं झाला नाहीं.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, रब्बीच्या पेरणीपूर्वीं तलाठी व कृषि खात्याचे नोकर यांनीं प्रत्येक गांवीं हा कायदा सोप्या मराठींत वाचून दाखवावा. दुसरी, बीड, लातूर, परभणी व धाराशिव या चार जिल्ह्यांच्या समित्यांनीं अधूनमधून एकत्र बसावें. कारण जिल्ह्याची शीव माणसास अडविते, चोरास अडवीत नाहीं. तिसरी, तपास शेतमालकापाशीं थांबूं नये. रसायन कोणी पुरविलें, भांडवल कोणाचें व माल कोणाकडे गेला, हें शोधल्यावांचून खटला पुरा झाला असें मानूं नये. चौथी, व्यसनांत सांपडलेल्या पोरास आरोपी न समजतां रोगी समजावें. जो व्यसनी आपण होऊन उपचारास जातो, त्यास थोड्या मालाच्या व सेवनाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून सूट देण्याची तरतूद कलम ६४-अ मध्यें आहे. ती किती आईबापांस माहीत आहे? अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें या रोग्यांची वेगळी सोय करावी आणि ती गांवोगांवीं जाहीर करावी.

कोणी म्हणेल, 'सरकारचें काम सरकार करील; आपण कोणाच्या वाकड्यांत कां जावें?' त्यांना आमचें उत्तर असें. पूर्वींचीं सरकारें नशेच्या दुकानांचे लिलाव करून तिजोरी भरीत. निजामाच्या राज्यांत अबकारीचा गुत्ता हें उत्पन्नाचें मोठें साधन होतें. त्या काळीं सरकारवर विसंबून चालत नसे. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं त्यांनीं शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, ती याच कारणानें. आज कायदा आपल्या बाजूचा आहे, मग आपण मुकाट कां बसावें?

आणि यांत जाणार कोणाचें, याचा विचार करा. आमचा ऊसतोड कामगार सहा महिने कारखान्यावर राबतो, आणि पोर मागें आजीपाशीं किंवा वसतिगृहांत राहतें. दुसरा एकर विकून मुलास लातूरच्या शिकवणीस धाडतो. व्यापाऱ्यास असेंच पोर हवें असतें. खिशांत थोडे पैसे असलेलें आणि ज्याच्यावर घरच्यांची नजर नाहीं असें. पहिली पुडी फुकट मिळते, पुढच्या पुड्यांची किंमत बापाची जमीन देते. सुताराचा किंवा लोहाराचा एक कर्ता मुलगा या वाटेस गेला तर अवजार ठेवायला घरांत हात उरत नाहीं.

तेव्हां धर्मापुरी व आसपासच्या गांवकऱ्यांनीं पुढच्या ग्रामसभेंत तीन गोष्टी कराव्या. परक्यास आखाडा, विहिरीवरची खोली किंवा शेड भाड्यानें देतांना पोलीस पाटलास लेखी कळवावें. अनोळखी बीं, करार कितीही गोड असला तरी, कृषि खात्यास दाखविल्याशिवाय पेरूं नये. आणि जिल्हा समितीच्या बैठकीचा वृत्तांत दरमहा मागून घ्यावा, असा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांस पाठवावा. कोणास गुप्तपणें खबर द्यावयाची असेल तर केंद्र सरकारनें २०२४ सालीं सुरूं केलेला १९३३ हा दूरध्वनि क्रमांक आहे. व्यसन सोडविण्याच्या सल्ल्यासाठीं १४४४६ हा आहे. हे दोन आंकडे शाळेच्या व चावडीच्या भिंतीवर रंगवून घेण्यास फार खर्च येत नाहीं. ठराव सरकारी खात्यांनीं दाबून ठेवला तर दुसऱ्या महिन्यांत पुन्हां पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत पाठवीत राहावा.