थट्टेची अफवा होते तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात प्रस्तुत लेखकाने विषमतेच्या प्रश्नावर व्याख्यान दिले. बोलण्याच्या ओघात एक बातमी सांगितली : परदेशातील कोणा अर्थतज्ज्ञाने अशी शिफारस केली आहे की, उपाशी माणसाने न खाल्लेले जेवण ही त्याची बचत समजावी आणि त्या बचतीवर कर आकारावा. सभागृह संतापले, व्याख्यान रंगले. चहाच्या वेळी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी जवळ आली आणि तिने संकोचाने विचारले, "सर, ही बातमी मूळ कुठे आली होती?" उत्तर देता आले नाही. घरी येऊन शोध घेतला तेव्हा कळले की, तो एका विनोदी लेखाचा तुकडा होता. लेखकाचे नाव आणि 'हे सर्व काल्पनिक आहे' ही तळटीप वाटेत कोणीतरी छाटून टाकली होती. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला त्या वाक्याची शहानिशा करावीशी वाटली नाही, याचे कारण उघड आहे. ते वाक्य खरे असावे अशी त्याची आधीपासूनच इच्छा होती.

ही कबुली आरंभीच दिलेली बरी. कारण या विषयावर बोलताना आपल्या सर्वांचे बोट 'अडाणी जनते'कडे वळते आणि तेथेच विचार थांबतो.

उपहास हे दुबळ्यांचे जुने हत्यार आहे. आपल्याकडे भारुडाने ढोंगी साधूची सोंगे घेतली, तमाशातल्या सोंगाड्याने राजाला आणि पाटलाला त्यांच्या तोंडावर टोमणे मारले. परंतु तेथे सोंग घेणारा आणि पाहणारा यांच्यात एक अलिखित करार असे. सोंगाड्याचा वेश पाहूनच प्रेक्षकाला कळे की, आता जे बोलले जाईल ते उलटे करून घ्यायचे आहे. उपहासाचे सारे बळ या करारात असते. बोलणे तेच राहिले आणि वेश गळून पडला, तर त्याच शब्दांची अफवा होते. अशी अफवा कोठवर पोचू शकते, याचे इतिहासातील एक उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे.

१८६४ मध्ये मोरिस जोली या फ्रेंच वकिलाने एक पुस्तक लिहिले आणि ते ब्रुसेल्समध्ये छापवून घेतले. नरकात मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांची गाठ पडते आणि वर्तमानपत्रे ताब्यात कशी घ्यावीत, कायदे शाबूत ठेवून स्वातंत्र्य कसे मारावे, हे मॅकियाव्हेली निर्लज्जपणे समजावून सांगतो, अशी त्याची रचना होती. रोख होता सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीवर. सरकारला तो बरोबर समजला आणि जोलीला पंधरा महिन्यांची कैद झाली. या पुस्तकात यहुद्यांचा उल्लेखही नव्हता. परंतु जोलीच्या मृत्यूनंतर कोणीतरी त्यातील उताऱ्यांमागून उतारे उचलले, मॅकियाव्हेलीच्या तोंडची वाक्ये काल्पनिक यहुदी पुढाऱ्यांच्या तोंडी घातली आणि १९०३ मध्ये रशियातील एका वर्तमानपत्रात 'झिऑनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल्स' छापून आले. हुकूमशाहीवरील उपहास हा यहुद्यांच्या जागतिक कटाचा 'पुरावा' बनला.

पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. १९२० मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने या पुस्तकाची गंभीरपणे दखल घेऊन चौकशीची भाषा केली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९२१ मध्ये, त्याच पत्राचा कॉन्स्टँटिनोपलचा बातमीदार फिलिप ग्रेव्हज याने दोन्ही पुस्तकांतील उतारे शेजारी शेजारी ठेवून ही उचलेगिरी सिद्ध केली. प्रकरण तेथे संपायला हवे होते. पण अमेरिकेत मोटारसम्राट हेन्री फोर्ड याचे साप्ताहिक त्या मजकुराचा प्रचार करीतच राहिले आणि फोर्डने माफी मागितली ती १९२७ मध्ये. जर्मनीत हिटलरने तर, ही बनावट असल्याची ओरड होते हाच तिच्या खरेपणाचा पुरावा, असा उफराटा युक्तिवाद केला. पुढे काय घडले ते जगाला ठाऊक आहे. यात अक्षरशत्रू जनता कोठे होती? एक प्रतिष्ठित संपादक, एक कोट्यधीश कारखानदार आणि विद्यापीठांनी गजबजलेला एक देश, एवढेच येथे दिसते.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे, कारण तेथे मूळ थट्टा डाव्या विचारांच्या मंडळींनी केली होती. १९६६ मध्ये 'शांततेच्या भीतीने' न्यूयॉर्कचा शेअरबाजार घसरल्याची बातमी 'मोनोकल' या उपहासपत्राच्या संपादकांनी वाचली. व्हिएतनामचे युद्ध थांबेल या कल्पनेने भांडवलदार घाबरतात, यातील विकृती लोकांपुढे मांडण्यासाठी त्यांनी लेनर्ड लेविन या लेखकाकडून एक खोटा सरकारी अहवाल लिहवून घेतला. १९६७ मध्ये तो 'आयर्न माउंटनचा अहवाल' म्हणून प्रसिद्ध झाला. पंधरा तज्ज्ञांच्या गुप्त समितीचा निष्कर्ष असा की, युद्ध हाच अर्थव्यवस्थेचा आणि समाजव्यवस्थेचा पाया आहे. शांतता आलीच तर तिच्या बदल्यात कृत्रिम शत्रू, हेतुपुरस्सर केलेले प्रदूषण किंवा नव्या स्वरूपातील गुलामगिरी शोधावी लागेल. भाषा इतकी हुबेहूब सरकारी होती की, भले भले फसले. जॉन केनेथ गॅलब्रेथसारख्या अर्थशास्त्रज्ञाने तर टोपणनावाने परीक्षण लिहून अहवालाच्या खरेपणाची ग्वाही दिली. तोही थट्टेत सामील होता.

१९७२ मध्ये लेविनने जाहीर कबुली दिली. तथापि पुढे वीस वर्षांच्या आत अमेरिकेतील कडव्या उजव्या, वंशद्वेषी गटांनी तोच अहवाल खरा सरकारी दस्तऐवज म्हणून छापून विकला. सरकारी दस्तऐवजावर कोणाची मालकी नसते, असे ते लेखकालाच ऐकवू लागले. स्वतःची थट्टा ही थट्टाच आहे, एवढे ठरवण्यासाठी लेविनला न्यायालयात जावे लागले. युद्धखोरीविरुद्ध लिहिलेले पुस्तक बंदुका घेऊन सरावाला निघालेल्या टोळ्यांच्या हाती पडले.

या दोन्ही प्रकरणांत थट्टेची अफवा होण्यास काही दशके लागली. आज त्याच कामाला काही तास पुरतात. अमेरिकेतील मेन राज्यात राहणारा ख्रिस्तोफर ब्लेअर हा उदारमतवादी गृहस्थ. २०१६ पासून त्याने फेसबुकवर उजव्या मंडळींच्या पूर्वग्रहांना चिथावतील अशा कपोलकल्पित बातम्या लिहिण्यास सुरुवात केली. त्या काल्पनिक असल्याची सूचनाही तो देत असे. लोकांनी विश्वास ठेवावा, मग आपण त्यांची फजिती करावी आणि त्यातून ते शहाणे व्हावेत, असा त्याचा दावा होता. प्रत्यक्षात बातमी पुढे जाई आणि सूचना मागे राही. इतरांनी तो मजकूर उचलून, सूचना गाळून, खरी बातमी म्हणून पुन्हा प्रसिद्ध केला. युरोपात मॅसिडोनियातील वेलेस या गावातल्या तरुणांनी २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या काळात अशाच भडक मजकुराची शंभरांहून अधिक संकेतस्थळे चालवून जाहिरातींचे पैसे मिळवले. त्यांना ना ट्रम्प हवे होते, ना क्लिंटन. आणि ब्लेअरने कितीजणांना शहाणे केले? ज्यांची त्याने टर उडवली ती माणसे अपमानित होऊन आपल्याच कळपाच्या अधिक जवळ गेली असतील, हाच संभव अधिक.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील हिशेब चटकन कळावा. असत्याचा उत्पादनखर्च जवळजवळ शून्य आहे. सत्य शोधण्याला वेळ, श्रम आणि पैसा लागतो. ज्या कंपन्यांच्या मंचावर हा मजकूर फिरतो, त्यांचे उत्पन्न माणूस पडद्यापुढे किती वेळ खिळून राहतो यावर ठरते, आणि राग व भीती माणसाला सर्वांत अधिक काळ खिळवून ठेवतात. नफा खासगी तिजोरीत जातो, हानी समाजाच्या खात्यात पडते. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडण्याचाच हा प्रकार आहे.

ती हानी कोणाच्या वाट्याला येते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी एक लघुपट तयार केला होता. त्यात मोटारसायकलवरून आलेले दोघे एक मूल उचलतात आणि लगेच परत आणून पालकांना सावधगिरीचा फलक दाखवतात. हा शेवट छाटून उरलेला तुकडा २०१८ मध्ये भारतात 'मुले पळवणारी टोळी' म्हणून मोबाइलवर फिरला. येथे मूळ हेतू थट्टेचा नव्हता, प्रबोधनाचा होता. पण शेपूट छाटण्याची युक्ती तीच. त्याच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ते मारले गेले.

राईनपाड्याला केवळ अज्ञानाने खून केले असे म्हणणे अपुरे आहे. अफवा ऐकून जमाव कोणा सुटाबुटातल्या प्रवाशावर धावून गेला नाही. तो भटक्यांवर धावून गेला. भटका म्हणजे चोर, ही समजूत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पक्की केली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, समजूत रद्द झाली नाही. अज्ञान ही रिकामी जागा असते. माहिती दिली की ती भरता येते. पूर्वग्रहाची जागा मात्र आधीच भरलेली असते. तेथे नवी माहिती शिरत नाही, सोयीची अफवा मात्र सहज शिरते.

मग उपाय कोणता? सरकारने खरे-खोटे ठरवावे, ही सूचना लगेच पुढे येते. आणीबाणी पाहिलेल्या पिढीने तरी या सापळ्यात पाऊल टाकू नये. आणीबाणी जाहीर झाल्यावर दोन महिन्यांतच, ऑगस्ट १९७५ मध्ये, 'शंकर्स वीकली' हे देशातील नामवंत व्यंगचित्र-साप्ताहिक बंद झाले, याचा विसर पडू नये. २०२३ मध्ये केंद्र सरकारने आपल्याविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार आपल्याच यंत्रणेकडे घेण्याचे नियम केले. त्यांना आव्हान देणाऱ्यांत कुणाल कामरा हा विनोदकार होता, आणि मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते नियम घटनाबाह्य ठरवले. सत्ताधाऱ्याला थट्टेची आणि अफवेची सरमिसळ सोयीची असते. अफवेच्या नावाखाली त्याला थट्टा गाडता येते. म्हणून कायद्याने हात घालायचा तो कंपन्यांच्या नफ्याला, त्यांच्या पारदर्शकतेला आणि हिंसेच्या चिथावणीला. हसण्याला नव्हे.

उरलेले काम आपले आहे आणि ते कंटाळवाणे आहे. जो मजकूर वाचून आपल्याला सर्वाधिक आनंद किंवा संताप होतो, तोच आधी तपासावा. थट्टा पुढे पाठवायची तर लेखकाच्या नावासकट आणि शेपटीसकट पाठवावी. आपल्या बाजूचे खोटे हेही खोटेच, हे स्वतःच्या सभेत सांगावे. चूक झाली तर ती ज्या व्यासपीठावर झाली त्याच व्यासपीठावरून दुरुस्त करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, फसलेल्या माणसाला हसू नये. तो शेतमजूर असेल, रिक्षाचालक असेल किंवा आपलाच मेहुणा असेल. त्याच्या ओट्यावर बसून, त्याला कशाची भीती वाटते ते विचारावे. ज्या वस्तीवर भटक्यांचे पाल पडले असेल, तेथे गावकऱ्यांना घेऊन एकदा चहाला जावे. समोरासमोर ओळख झालेल्या माणसाविषयी अफवा पसरवणे अवघड जाते.

त्या अभ्यासवर्गाची पुढची बैठक दिवाळीनंतर झाली. प्रस्तुत लेखकाने आरंभी उभे राहून आपली चूक सांगितली आणि मूळ विनोदी लेख लेखकाच्या नावासह वाचून दाखवला. सभागृह मनापासून हसले. उपाशी माणसांचा प्रश्न आपल्या जागी उभाच होता, आणि त्यावर बोलण्यासाठी खरे आकडे पुरेसे होते.