खाँसाहेबांचा खरा आवाज कोणता?

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी मोबाइलवर शोधून पाहा. ती चार ठिकाणी मिळेल आणि चारही ठिकाणी खाँसाहेब थोडे वेगळे ऐकू येतील. कुठे आवाज पातळ आणि चढा, कुठे जड. कुठे साथीची वाद्ये शेजारी, कुठे भिंतीपलीकडे. गाणारा एकच, मग हा फरक कसला?

खाँसाहेब १९३७ साली गेले. त्याआधीच्या काही वर्षांत त्यांनी ओडियन कंपनीसाठी गायलेल्या तबकड्या लाखेच्या होत्या, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांच्या. पुढे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने एलपी काढली, मग कॅसेट आणि सीडी आली. दर वेळी कुणीतरी जुनी तबकडी लावली, सुई निवडली, वेग ठरवला. इथेच सगळी गोम आहे.

त्या काळी ‘७८’ म्हणजे प्रत्येक वेळी नेमके ७८ फेरे नसत. समजा तबकडी ८० फेऱ्यांवर कोरली आणि आपण ७८ वर वाजवली, तर स्वर जवळजवळ पाव सुराने उतरतो, लयही ढिली होते. ज्या गवयाची सगळी ख्याती सुरेलपणाची, त्याची पट्टीच आपण बदलून टाकतो! सुईचेही तसेच. ७८ ची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते.

मग ती खरखर काढायला ‘सफाई’ होते. माझा खरा राग या सफाईवर आहे. खरखर वरच्या पट्टीत असते, पण आवाजाची धार आणि श्वासही तिथेच असतो. गाळणी जोरात लावली की दोन्ही जातात. उरतो तो कापूस कोंबल्यासारखा आवाज, आणि वर लिहिलेले असते ‘स्वच्छ, सुधारित’. कातिबाच्या हातची गझल कुणी पुसट झेरॉक्सवरून पुन्हा टाइप करावी आणि नुक्ते डाग समजून पुसावेत, तसे हे आहे. नुक्ता वरचा खाली सरकला तरी ‘ख़ुदा’चा ‘जुदा’ होतो, हे माझ्या पाचवीच्या मुलांनाही माहीत आहे.

म्हणून मला खरखरीसकटची प्रत हवी. आणि कंपन्यांनी निदान एवढे छापावे, की ही प्रत कोणत्या तबकडीवरून, किती वेगाने घेतली.

हा शौकिनांचा लाड नाही. किराण्यात जन्मलेला, मिरजेत दफन झालेला हा मुसलमान गवई ‘मानापमान’मधले मराठी पदही त्याच तन्मयतेने गायला. मराठी आणि मुसलमान यांत अंतर किती, हे विचारणाऱ्याला मी भाषण देत नाही, ती तबकडी ऐकवतो. ती बिघडलेली ऐकवणे मला परवडत नाही.

मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी हे काम करतात. पण खान्देशात काय? शिंदखेडा-दोंडाईचाकडे लग्नात लाऊडस्पीकर लावणाऱ्यांकडे रेकॉर्डच्या पेट्या असत. कव्वाली, नात, सिनेमाची गाणी. कुणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला कळवा. तबकड्या उभ्या ठेवा, चळत लावू नका. आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट मुळीच लावू नका, लाख विरघळते. मऊ कापडाने कोरडीच पुसा.