चार रविवारांत वारली?

आमच्या अंबाजोगाईत दर रविवारी वारली चित्रकलेचा एक क्लास भरतो. मीही जाते. पहिल्या रविवारी त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस, दुसऱ्या रविवारी झाड आणि झोपडी, तिसऱ्या रविवारी तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा नाच, चौथ्या रविवारी नक्षीची चौकट. मग बाई म्हणाल्या, "चला, वारली संपली. आता मधुबनी!"

संपली??

ती चौकट मी हौसेनं लाकडी पाटीवर काढली, मध्ये आमचं आडनाव रंगवलं आणि पाटी दाराला लावली. बीडच्या मावशीलाही एक करून दिली. नंतर सहज म्हणून वारलीबद्दल वाचायला घेतलं आणि लाजच वाटली. मंडळी, ती नुसती चौकट नाही. तो लग्नाचा चौक आहे. वारल्यांच्या घरी लग्न असलं की सवाशिणी तांदळाच्या पिठानं तो भिंतीवर काढतात. त्याच्या मध्यभागी असते पालघट देवी. म्हणजे देवीला उठवून आम्ही तिथे आमचं आडनाव बसवलं!

क्लासमध्ये हे बोलले, तर उत्तर आलं, "अहो, छंद म्हणून शिकतोय आपण. कला काय, सगळ्यांचीच असते."

असते ना! पण आपल्याच गावाचं बघा. दासोपंतांची पासोडी पाहून कुणी पाहुणा म्हणाला, "छान आहे हो जुनं कापड", तर आपण ऐकून घेऊ? पंत कोण, पंचीकरण काय, हे सगळं ऐकवल्याशिवाय त्याला चहासुद्धा देणार नाही. मग डहाणू-तलासरीकडच्या लोकांची कला आपल्याकडे आली की तिचं नाव-गाव कुठे जातं?

जिव्या सोमा म्हसे हे नाव चार रविवारांत एकदाही आमच्या कानावर पडलं नाही. लग्नात बायकांनी काढायची ही चित्रं या माणसानं १९७० च्या दशकात रोजची केली, कागदावर आणली, देशोदेशी नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्रकलेला तर २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. एवढं सांगायला अर्धा तास पुष्कळ झाला. तेवढा वेळ आम्ही ॲक्रिलिकचे रंग वाळायची वाट बघण्यात घालवतो!

क्लास बंद करा असं मी म्हणत नाही. त्रिकोण खुशाल शिकवा, पण ते कुणाचे हे आधी सांगा. देवीचा चौक चहाच्या ट्रेवर नको. आणि संक्रांतीला वाण म्हणून वारलीचे कोस्टर वाटायचेच असतील, तर निदान एक चित्र वारली कलाकाराकडून विकत घ्या.

असो. माझी पाटी मी काल उतरवली. मावशी, रागावू नकोस, पण तुझीही उतरव. दुसरी करून देते. या वेळी साधी, नुसत्या नावाची.