कमरेच्या झिजेआधी कमरेचा बाक बघा

कंबरदुखीचा पेशंट एमआरआयचा रिपोर्ट हातात घेतो आणि 'मणक्यांची झीज' एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहतं. मग घरच्याघरी दोषी ठरतात: मोटारसायकल, ऑफिसची खुर्ची, वाकून केलेली धुणीभांडी. त्या माणसाच्या कण्याचा बाक मुळात कसा आहे, याची चौकशी मात्र फारशी कुणी करत नाही.

ती व्हायलाच हवी.

फ्रान्समधल्या लिआँ शहरातले पाठीचे सर्जन पिअर रूसुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६० निरोगी माणसांचे उभ्याने, बाजूने काढलेले एक्स-रे तपासले. २००५ मध्ये त्यांनी कण्याच्या ठेवणीचे चार प्रकार मांडले. कसोटी होती एका उताराची. कमरेचा शेवटचा मणका ज्या हाडावर टेकतो, त्या त्रिकास्थीचा माथा पुढे किती कलला आहे? काहींचा कल ३५ अंशांहून कमी, काहींचा ४५ च्या पुढे. सगळे धडधाकट.

झीज कुठे होणार, याचा कल या उतारावरून बराच कळतो. उतार कमी असेल तर कंबर सपाट राहते आणि वजन मुख्यतः मणक्यांमधल्या गाद्यांवर येतं. त्या लवकर सुकतात, फुगतात. उतार जास्त असेल तर बाक खोल होतो आणि भार मागे, मणक्यांना जोडणाऱ्या छोट्या सांध्यांवर जातो. ते घासतात, आणि उतार तीव्र असल्याने मणका पुढे सरकण्याचा धोकाही वाढतो. अर्थात वय, आनुवंशिकता, धूम्रपान यांचा वाटा असतोच. पण उताराचा पाया असलेली ओटीपोटाच्या हाडांची ठेवण वाढ पूर्ण झाल्यावर जवळपास कायम होते. 'ताठ बस' असं कितीही बजावलं तरी ती बदलत नाही. म्हणूनच सरसकट सगळ्यांना एकच आसन, एकच पट्टा सांगणं चूक आहे.

झीज म्हणजे दुखणं, हे समीकरणही टिकत नाही. अमेरिकेत १९९४ साली पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची किमान एक गादी फुगलेली निघाली. शिवाय एमआरआय बहुधा आडवं झोपवून काढतात. उभ्या शरीराचं वजन पेलताना कंबर कशी वळते, हे त्यात दिसत नाही.

ठेवणीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत ऑपरेशननंतर कळते. कणा बाजूला वाकलेल्या रुग्णांसाठी टेक्सासचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी धातूचा दांडा आणला. त्याने कणा सरळ झाला, पण दांडा कमरेपर्यंत खाली नेला की अनेकांचा नैसर्गिक बाकही पुसला गेला. पुढे वर्षांनुवर्षं ही माणसं पुढे झुकून, गुडघे दुमडून चालत राहिली. आज कमरेत स्क्रू बसवून मणके जोडण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येकाने सर्जनना विचारावं: माझा उभ्याने, बाजूने काढलेला एक्स-रे पाहिलात का? आणि माझ्या कमरेत किती बाक राखणार आहात?