कॅमेरा गेला तरी चालेल, तू घरी ये



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा. ज्यांच्या घरात कॅमेऱ्याचं वेड लागलेलं पोर आहे त्यांनी तर नक्की वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण आता प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहेच.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, कॉर्निश, समोर लाकडी दाऊ बोटी आणि मागे वेस्ट बेचे टॉवर. माझी लेक बारावीत आहे. तिला सूर्यास्ताच्या आधीचा तो सोनेरी उजेड हवा होता. मी बाकावर शेंगदाणे खात बसले होते. तेवढ्यात आवाज चढलेला ऐकू आला. एक गृहस्थ तिच्याकडे हात करून "नो फोटो, नो फोटो" म्हणत होते. त्यांची बायको आणि मुली बोटीजवळ उभ्या होत्या आणि हिच्या फ्रेममध्ये आल्या होत्या. आणि आमच्या बाईसाहेब कॅमेरा छातीशी धरून त्यांना ठणकावून सांगत होत्या, "अंकल, धिस इज अ पब्लिक प्लेस!"

मी धावत जाईपर्यंत तिथला सिक्युरिटीवाला नेपाळी मुलगा मध्ये पडला होता. तो हळूच म्हणाला, "दीदी, दिखा दो, डिलीट कर दो, सॉरी बोल दो." तिने दाखवलं, डिलीट केलं, सॉरी म्हटलं. गृहस्थ छातीवर हात ठेवून "शुक्रन" म्हणाले आणि गेले. दोन मिनिटांत सगळं मिटलं.

खरी गोष्ट पुढे गाडीत झाली. मी सुरू झाले, "साडेतीन हजार रियालचा कॅमेरा आहे तो. त्या माणसाने हिसकावून आपटला असता म्हणजे?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणूनच तर घट्ट धरला होता ना. कॅमेरा गेला असता तर तू मला घरात घेतलं असतंस का?"

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. ही मुलगी जूनमध्ये पुण्याला कॉलेजला जाणार. कॅमेरा सोबत जाणारच. आणि आपण तिला इतक्या वर्षांत काय शिकवलं, तर लेन्सची किंमत! कोणी अंगावर आला तर कॅमेरा टाकून पळ, हे एकदाही सांगितलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट मांडते. मुलांच्या हातात कॅमेरा देताना दोन गोष्टी शिकवायला हव्यात. आपल्या कॅमेऱ्यामुळे दुसऱ्याला असुरक्षित वाटू नये, ही पहिली. आणि कॅमेऱ्यापेक्षा तू महत्त्वाची, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी कुठल्या क्लासमध्ये नाही, घरातच शिकवाव्या लागतात.

पहिली गोष्ट आधी, कारण ती इथली आहे.

आपली मुलं दोहात वाढली. मॉलमध्ये टेबलावर फोन ठेवून जेवण आणायला जाणारी ही मुलं. त्यांना वाटतं सगळं सेफ आहे. सेफ आहेच, पण "पब्लिक प्लेस आहे म्हणजे कोणाचाही फोटो काढता येतो" हे वाक्य त्यांनी यूट्यूबवर परदेशी फोटोग्राफरकडून उचललंय. ते इथे चालत नाही. कतारने २०२५ मध्ये सायबर गुन्ह्यांच्या कायद्यात (२०१४ चा कायदा क्र. १४) एक नवं कलम घातलं. सार्वजनिक जागेतल्या माणसाचा फोटो किंवा व्हिडिओ त्याला न कळवता, त्याची परवानगी न घेता नेटवर टाकला तर एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रियालपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रुपयांत हिशोब तुम्हीच करा. त्याआधी २०१७ मध्ये दंडविधानात बदल करून अपघातातल्या जखमी किंवा मृत माणसांचे फोटो काढणं आणि पसरवणं हाही गुन्हा ठरवला गेला. सलवा रोडवर गाडी उलटलेली दिसली की खिडकीतून फोन बाहेर काढणाऱ्या आपल्याच लोकांनी हे लक्षात ठेवावं. मुलं आपलं बघून शिकतात.

सरकारी इमारती, लष्करी जागा, विमानतळ, तेल-गॅसचे प्रकल्प यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही. मामाने वाढदिवसाला पाठवलेला "छोटासाच" ड्रोनसुद्धा नाही.

पत्रकारांच्याही वाट्याला हे आलं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सरकारी वाहिनीच्या दोघांना इथे ताब्यात घेतलं आणि तीस तासांहून जास्त काळ ठेवलं. खासगी जागेत परवानगीशिवाय शूटिंग केल्याचा ठपका होता, आणि तोंडी परवानगी मिळाली होती असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपच्या तोंडावर डेन्मार्कच्या एका वार्ताहराला लाइव्ह चालू असताना सुरक्षारक्षकांनी अडवलं आणि कॅमेरा फोडण्याची धमकी दिली. त्याच्याकडे रीतसर ओळखपत्र होतं. आयोजकांनी नंतर माफी मागितली. यातलं कोण बरोबर होतं हे आपल्या कामाचं नाही. कामाचं एवढंच की कागद हातात असूनही समोरचा चिडू शकतो, आणि त्या क्षणी वाद जिंकून काही मिळत नाही. तो वार्ताहर शांतपणे बोलत राहिला, कार्ड दाखवत राहिला, हातघाईवर आला नाही. आपल्या पोरांना दाखवण्यासारखा तो व्हिडिओ आहे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. आपल्या आईचा, आजीचा फोटो कोणी अनोळखी माणसाने काढून टाकला तर आपण काय म्हणू? सूक वाकिफमधला हमाल, इंडस्ट्रियल एरियात बसची वाट बघणारा मजूर, या माणसांचे "इमोशनल" फोटो काढून लाइक मिळवणं ही कला नव्हे. आधी सलाम करा, विचारा, मान हलली तर काढा, काढलेला दाखवा. नेटवर टाकायचा असेल तर तेही विचारा. विचारून काढलेल्या फोटोत माणूस जास्त छान दिसतो, असं माझ्या लेकीचंच आता मत झालंय.

आता दुसरी गोष्ट. हे लिहायला मला जड जातंय, पण टाळून चालणार नाही.

२२ ऑगस्ट २०१३. मुंबईत महालक्ष्मीला बंद पडलेली शक्ती मिल. एका इंग्रजी मासिकासाठी काम करणारी बावीस वर्षांची फोटो पत्रकार आपल्या सहकाऱ्यासोबत संध्याकाळी तिथे फोटो काढायला गेली होती. काही जण आले आणि म्हणाले, इथे फोटो काढायला परवानगी लागते. मग तिच्या सहकाऱ्यावर कसल्यातरी खुनाचा संशय असल्याचं सांगून त्याला बाजूला नेलं, बांधलं, आणि तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. ती त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये गेली, तक्रार दिली आणि पुढे कोर्टात उभी राहिली. २०१४ मध्ये शिक्षा झाल्या. तिघांना झालेली फाशी नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने मरेपर्यंत जन्मठेपेत बदलली.

या घटनेनंतर घराघरांत एकच वाक्य ऐकू आलं, "कशाला गेली होती तिथे?" मला या वाक्याचा राग येतो. ती कामावर गेली होती. एकटीही गेली नव्हती. आपण मुलींना सांगतो ना, एकटी जाऊ नकोस म्हणून? ती दोघं होती. चूक गुन्हेगारांची होती, तिची नव्हती. हे मुलीला आधी सांगा, मग बाकीचं सांगा.

आणि या प्रकरणातली एक गोष्ट फार कमी लोकांना आठवते. त्याच जागी, जेमतेम महिनाभर आधी, अठरा वर्षांच्या आणखी एका मुलीवर असाच अत्याचार झाला होता. तिने तेव्हा तक्रार केली नव्हती. फोटो पत्रकाराची बातमी आल्यावर ती पुढे आली. ती का बोलली नाही याचा निवाडा करणारी मी कोण? पण मी माझ्या घरापुरता प्रश्न विचारते. माझ्या मुलीला काही झालं तर पहिला फोन मला करावासा वाटेल, असं वातावरण माझ्या घरात आहे का? जिला फुटलेल्या कॅमेऱ्याची भीती वाटते, ती मोठी गोष्ट सांगायला माझ्याकडे येईल का?

माझ्या दृष्टीने सेल्फ डिफेन्स इथून सुरू होतो, कराटेच्या पट्ट्यापासून नाही.

कराटे वाईट नाही. मुलं ताठ उभी राहतात, मोठ्याने ओरडायला शिकतात, तेवढंच खूप आहे. पण "कोणी आला तर कॅमेरा घाल डोक्यात" असं सांगणारे काका प्रत्येक गेट टुगेदरमध्ये असतात, त्यांचं ऐकू नका. समोर कोण आहे, किती जण आहेत, हातात काय आहे, हे आपल्याला माहीत नसतं. इथे तर मुलीचा रेसिडेन्स परमिट बाबांच्या स्पॉन्सरशिपवर आहे, मारामारी आपल्याला परवडत नाही. पेपर स्प्रेचंही तेच. इंडियाहून येताना बॅगेत टाकून आणण्याचा उद्योग करू नका, विमानात ती वस्तू चालत नाही.

फोटोग्राफरचा खरा धोका वेगळा असतो. डोळा कॅमेऱ्याला लागला की आजूबाजूचं जग बंद होतं. मागे कोण आलं कळत नाही, पाय कुठे पडतोय कळत नाही. सुट्टीत गावी गेल्यावर पावसाळ्यात धबधब्यावर, गडाच्या कड्यावर मुलं एक पाऊल मागे घेत घेत फ्रेम जुळवतात, ते आठवा. तिथे हल्लेखोर नसतो, तरीही जीव जातो.

आमच्या घरात आता हे नियम आहेत. फ्रिजवर लावलेत:

१. नवीन जागी आधी कॅमेरा बॅगेत ठेवून एक फेरी मारायची. बाहेर पडायच्या दोन वाटा बघून ठेवायच्या. मगच कॅमेरा काढायचा.

२. पाठ भिंतीला किंवा मित्राला. चार-पाच फोटोंनंतर मान वर करून आजूबाजूला बघायचं. चालताना फोटो नाही, मागे सरकत तर अजिबात नाही.

३. सोबतच्या एकाने फोटो काढायचा नाही, फक्त लक्ष ठेवायचं. आळीपाळीने.

४. फोनवर लोकेशन चालू, परतायची वेळ घरी सांगितलेली. पडक्या, बंद जागी ओळखीचा ग्रुप आणि जागेच्या मालकाची परवानगी असेल तरच.

५. कोणी "परवानगी दाखव, साहेबांना भेटायला आत चल" म्हणालं तर आत जायचं नाही. "बाहेर रस्त्यावर बोलू" म्हणायचं आणि चालू लागायचं. इथे खरा गार्ड असेल तर हात दिसतील असे ठेवून नम्रपणे थांबायचं, आम्हाला फोन लावायचा.

६. आक्षेप घेतला तर वाद नाही. सॉरी, डिलीट, निघा.

७. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवून मोटरसायकलींच्या रस्त्यावर फिरायचं नाही, कोणी ओढला तर माणूस फरफटतो. मनगटाचा पट्टा बरा. हिसकावला तर सोडून द्यायचा. बॅग एका बाजूला फेकायची आणि दुसऱ्या बाजूला पळायचं, लोक असतील तिकडे. ओरडायचं.

८. कतारमध्ये ९९९, भारतात ११२. पाठ.

९. मे ते सप्टेंबर दुपारी बाहेर शूटिंग नाही. इथे १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३० उन्हातल्या कामाला सरकारने बंदी घातली आहे. जी दुपार कामगाराला सोसत नाही ती आपल्या पोराला कशी सोसेल?

काही जण म्हणतील, एवढी भानगड असेल तर कॅमेराच नको. मुलगी आहे तर नकोच नको. मला हे पटत नाही. होमाई व्यारावाला या भारताच्या पहिल्या महिला फोटो पत्रकार. त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि त्या काळात साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहिल्या. त्यांच्या घरच्यांनी "नकोच" म्हटलं असतं तर स्वातंत्र्याच्या दिवसांचे कितीतरी फोटो आपल्याला दिसले नसते. बंदी घातली की मुलं फोटो काढायचे थांबत नाहीत, फक्त आपल्याला सांगायचे थांबतात. आणि न सांगता जाणारं मूल सगळ्यात असुरक्षित.

आणि हे नियम मुलांनाही तेवढेच लागू आहेत. मुलगा म्हणून त्याला रात्री साडेअकराला मोकळं सोडायचं आणि मुलीला प्रश्न विचारायचे, असं आमच्या घरात चालायचं. आता बंद केलंय. धाकट्याची कुरकुर चालू आहे, चालू दे.

सगळ्यात शेवटी आम्ही एक केलं. तिच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत आतल्या कप्प्यात तिच्या बाबांनी एक चिठ्ठी ठेवली आहे. त्यावर घरचे दोन फोन नंबर, आणि खाली त्यांच्या अक्षरात एकच ओळ, "कॅमेरा गेला तरी चालेल, तू घरी ये. कोणी रागावणार नाही."

तिने वाचली, हसली, आणि म्हणाली, "हे तोंडाने पण म्हणा ना एकदा."

म्हटलं. तुम्हीही आज रात्री जेवताना म्हणा. आणि तुमच्या घरी काय नियम आहेत तेही सांगा, आमच्या फ्रिजवर अजून जागा आहे.