विश्लेषण : ७२ तासांत पडणारे कीव्ह पडलेच नाही, रशियाची सर्वात मोठी मोहीम का फसली?

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या, तेव्हा राजधानी कीव्ह फार काळ टिकेल असे मॉस्कोतच काय, वॉशिंग्टनमध्येही फारसे कुणाला वाटत नव्हते. अमेरिकेचे तत्कालीन सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल मार्क मिली यांनी शहर ७२ तासांत पडू शकते, असे अमेरिकी लोकप्रतिनिधींना हल्ल्यापूर्वीच सांगितल्याचे वृत्त आले होते. प्रत्यक्षात पाच आठवड्यांनी, २ एप्रिलला, संपूर्ण कीव्ह प्रांत परत मिळवल्याची घोषणा युक्रेनने केली. इतक्या बलाढ्य लष्कराची ही मोहीम का फसली?

योजना काय होती?

संयुक्त लष्करी सरावाच्या निमित्ताने रशियाने बेलारूसमध्ये हजारो सैनिक जमवले होते. बेलारूसची सीमा कीव्हपासून सरळ रेषेत १०० किलोमीटरही नाही. तिथून निप्रो नदीच्या पश्चिमेकडून एक फळी आणि ईशान्येकडून चेर्निहिव्ह व सुमीमार्गे दुसरी, अशा दोन बाजूंनी राजधानीला विळखा घालायचा होता. ब्रिटनमधील ‘रुसी’ या संरक्षणविषयक अभ्याससंस्थेच्या विश्लेषणानुसार, १० दिवसांत युक्रेनचा प्रतिकार मोडून ऑगस्टपर्यंत तो देश गिळंकृत करण्याचे हे नियोजन होते.

या सगळ्याची मदार एका गृहीतकावर होती. सरकार पळून जाईल, लष्कर विस्कळीत होईल आणि जनता गप्प बसेल, असे क्रेमलिनने धरून चालले होते. म्हणूनच सुरुवातीच्या ताफ्यांमध्ये दंगल नियंत्रण पोलीसही होते. २६ फेब्रुवारीला ‘रिया नोव्होस्ती’ या रशियन सरकारी वृत्तसंस्थेने विजय मिळाल्याच्या थाटातला लेख प्रसिद्ध केला आणि मग घाईघाईने हटवला. प्रत्यक्षात तेव्हा कीव्हच्या वेशीवर लढाई सुरू होती.

पहिल्याच दिवशी काय बिनसले?

कीव्हच्या वायव्येला होस्टोमेल विमानतळ आहे. सुमारे ३० हेलिकॉप्टरमधून आलेल्या रशियन छत्रीधारी सैनिकांनी पहिल्याच दिवशी तिथे धडक मारली. धावपट्टी हाती येताच मोठ्या मालवाहू विमानांतून कुमक आणायची आणि थेट राजधानीत शिरायचे, असा बेत होता.

विमानतळावर युक्रेनच्या नॅशनल गार्डचे मोजके सैनिक होते. तरीही त्यांनी काही हेलिकॉप्टर पाडली. पाठोपाठ युक्रेनच्या तोफखान्याने धावपट्टीवर मारा केला आणि कुमक घेऊन येणारी विमाने मागे फिरली. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून आलेल्या रशियन सैन्याने विमानतळ जिंकला खरा, पण तोवर तो विमाने उतरवण्याजोगा राहिला नव्हता. जगातील सर्वात मोठे मालवाहू विमान ‘म्रिया’ही याच लढाईत नष्ट झाले.

६४ किलोमीटरचा ताफा का थबकला?

हवाई मार्ग बंद झाल्यावर सारा भार रस्त्यांवर आला. २८ फेब्रुवारीच्या उपग्रह छायाचित्रांत कीव्हच्या उत्तरेला सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा रशियन ताफा दिसला आणि जगभर धसका घेतला गेला. भारतीय दूतावासाने १ मार्चला सर्व भारतीयांना त्याच दिवशी, मिळेल त्या साधनाने कीव्ह सोडण्यास सांगितले. तो ताफा मात्र पुढे सरकेना.

याची कारणे अनेक होती. हिवाळा सरत असल्याने शेते चिखलमय होती, त्यामुळे जड वाहने रस्ता सोडू शकत नव्हती. इरपिन नदीवरील पूल युक्रेनने उडवले आणि बांध फोडून नदीकाठचा सखल भाग पाण्याखाली घातला. त्यात डेमिडिव्हसारखी स्वतःची गावेही बुडाली. रशियन लष्कराची रसद मुख्यतः रेल्वेने जाते. चेर्निहिव्ह आणि सुमी ही शहरे हाती न आल्याने ईशान्येकडील मार्गही सुरक्षित नव्हते. त्यामुळे सारी भिस्त ट्रकवर आली आणि त्यांच्यावर हल्ले होऊ लागले. इंधन आणि अन्नाची टंचाई जाणवू लागली.

गुप्ततेचाही फटका बसला. कनिष्ठ अधिकारी आणि सैनिकांना आपण खरोखर युद्धावर निघालो आहोत, हे अगदी ऐनवेळी कळले. योजना मूठभरांनाच ठाऊक असल्याने तिच्यातील चुका दाखवणारे कुणी नव्हते. दीर्घ लढाईची तयारीच केलेली नसल्याने प्रतिकार होताच दुसरा पर्याय उरला नाही.

मग कीव्ह वाचवले कुणी?

त्या दिवसांत समाजमाध्यमांवर ‘घोस्ट ऑफ कीव्ह’ नावाच्या वैमानिकाच्या पराक्रमाच्या कथा व्हायरल झाल्या. ही दंतकथा असल्याचे युक्रेनच्या हवाई दलानेच एप्रिलअखेरीस स्पष्ट केले. पाश्चात्त्य देशांनी दिलेली रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे उपयोगी पडली, पण ‘रुसी’च्या मते निर्णायक ठरला तो तोफखाना. कीव्हच्या उत्तरेला रशियाचे संख्याबळ एका टप्प्यावर १२ विरुद्ध १ इतके होते. अशा वेळी दोन तोफखाना ब्रिगेडच्या माऱ्याने रस्त्यांवर अडकलेल्या तुकड्यांना रोखून धरले. अध्यक्ष झेलेन्स्की यांनी राजधानी न सोडल्याने क्रेमलिनचे मूळ गृहीतकच कोसळले होते.

रशियाचे म्हणणे काय?

मोहिमेच्या पहिल्या टप्प्याची उद्दिष्टे बहुतांशी साध्य झाली असून आता डोनबासवर लक्ष केंद्रित करणार, असे रशियन लष्कराने २५ मार्चला सांगितले. २९ मार्चच्या इस्तंबूल चर्चेनंतर कीव्हभोवतीच्या कारवाया कमी करत असल्याचे जाहीर झाले. युक्रेनचे सैन्य गुंतवून ठेवण्यासाठीच कीव्हवर चाल केली होती, असाही दावा झाला. मात्र केवळ हुलकावणी द्यायची असती, तर निवडक छत्रीधारी सैनिकांना शत्रूच्या राजधानीजवळ उतरवण्याचा जुगार आणि दंगल नियंत्रण पोलिसांना सोबत नेण्याचा खटाटोप कशासाठी?

या अपयशाने काय बदलले?

रशियन सैन्य गेल्यावर बुचामध्ये ४०० हून अधिक मृतदेह सापडले. रस्त्यांवर पडलेल्या नागरिकांची छायाचित्रे जगाने पाहिली आणि वाटाघाटींचे वातावरण कडवट झाले. कीव्ह टिकल्याने पाश्चात्त्य देशांचा हात सैल झाला आणि जड शस्त्रास्त्रेही येऊ लागली. युक्रेन हे राष्ट्र म्हणून तगले, याचे सर्वात मोठे कारण ते पाच आठवडे आहेत.

पण या विजयातून काहींनी चुकीचा निष्कर्ष काढला. रशियन लष्कर पोकळ आहे, एक जोराचा धक्का पुरेल, असे मानले गेले. रशियाने मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिकांच्या भरतीचा आदेश काढला, दक्षिणेत सुरुंग आणि खंदकांच्या रांगा उभारल्या. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनचे प्रतिआक्रमण झापोरिझ्झियाच्या याच तटबंदीवर अडले. प्रतिस्पर्ध्याला कमी लेखण्याची किंमत २०२२ मध्ये मॉस्कोने मोजली, तर पुढच्या वर्षी तीच चूक युक्रेनच्या पाठीराख्यांना भोवली.